उसना बेडका

त्या रविवारी मी आठ महिन्यांची होते. तोवर एकदाही खोटं न बोललेली अशी त्या घरात मी एकटीच. पुढे मोठी झाल्यावर मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून त्या दुपारबद्दल विचारलं, आणि प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी सगळ्यांच्या चुका सांगितल्या. त्या चाळून जे उरलं ते इथे आहे. चाळणीतून एखादा खडा निसटला असेल तर तो काकूचा समजावा.

बैठक काकाने बोलावली होती. काका म्हणजे बाबाचा थोरला भाऊ, हायस्कूलचा मुख्याध्यापक. दोन माणसं एका खोलीत दिसली की त्याला सभा भरवावीशी वाटते. त्या दिवशी तर त्याने कागदावर लिहूनच आणलं होतं: ‘विषय पहिला, आत्याची व्यवस्था.’ विषय दुसरा नव्हता.

झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी बाबाला टीबी निघाला. तोही साधासुधा नाही. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांमधली जी सगळ्यात दमदार, तिलाच भीक न घालणारा. आता बाबाला त्याआधी उभ्या जन्मात टीबी झाला नव्हता, आणि सिस्टरांचं घोडं तिथेच अडलं. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्याच्या टीबी विभागातल्या. बुटक्या, चटपटीत, हेल्मेट काखेत घेऊन बोलणाऱ्या.

"औषधं अर्ध्यावर सोडली की जंतू निर्ढावतात," त्या बाबाला म्हणाल्या होत्या. "तुम्ही कधी घेतलीच नाहीत, तर सोडणार काय? म्हणजे हे जंतू दुसऱ्या कोणाच्या तरी छातीत निर्ढावले आणि तिथून हवेतून तुमच्याकडे आले. तो माणूस मला हवाय. त्याला औषध मिळालं नाही तर तो आणखी चौघांना देईल आणि शेवटी स्वतःही जाईल."

मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात झाकणाची एकेक डबी पडली. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल छातीतून खोकून बेडका काढायचा आणि डबीत टाकायचा. बुधवारी निकाल आला. बाकी सगळे निर्दोष. आत्याआजीच्या डबीत मात्र बाबाचेच जंतू, तितकेच निगरगट्ट.

आत्याआजी ही अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अर्ध्या शहराची भांडणं, सोयरिकी आणि लफडी तिने कानांनी ऐकली आणि पोटात ठेवली. दुसऱ्याची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर पडू द्यायची नाही, हा तिचा एकच धर्म होता.

बुधवारपासून ती आजारपण भोगत होती, आणि अगदी चवीने भोगत होती. काकूने तिच्या ताटावर, कपावर, पेल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. आत्याआजीने दुसऱ्या दिवशी ती बाटलीच मागून घेतली आणि पायाच्या नखांना लावली. अग्रलेख काकूकडून दाराबाहेर उभं राहून वाचून घेतले. उशी मऊ नाही म्हणून बदलून घेतली, मग बदललेली फार मऊ म्हणून पहिली परत मागितली. चौऱ्याहत्तर वर्षांत तिची इतकी विचारपूस कोणी केली नव्हती.

पण एकटी पडली की तिचं मन तिला खात होतं. कारण तिच्या डबीतला बेडका तिचा नव्हताच.

तिची पहिली डबी दवाखान्याने ‘नुसती थुंकी’ असा शेरा मारून परत पाठवली होती. नोकरीत एकही शेरा न घेतलेल्या बाईला तो फार लागला. दुसऱ्या वेळी ती न्हाणीघरात वीस मिनिटं खोकून बघत होती, पण छातीतून काही म्हणता काही येईना. खाली आली तर घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत अण्णा रोज सकाळसारखे दार लावून खोकत होते.

"बन्या," ती डबी पुढे करून म्हणाली, "तुझ्याकडे सकाळी ढीगभर असतो. दे थोडा."

"काय देऊ?"

"बेडका. माझा पास होत नाहीये."

अण्णा त्या डबीकडे बघत राहिले. "ताई, असं देतं का कोणी?"

"साखर नाही का देत आपण शेजारी? आणि तुझे निबंध मी किती वर्षं लिहून दिले ते आठव जरा."

अण्णांनी तोंड फिरवलं आणि डबी भरून दिली.

म्हणजे कागदावर नाव हिचं, छाती त्यांची. हे दोघांनाच ठाऊक होतं. अण्णा आज बोलतील, उद्या बोलतील म्हणून ती चार दिवस वाट बघत होती, आणि अण्णा मूग गिळून बसले होते. त्याचं गुपित त्यानेच फोडलं पाहिजे, असा तिचा हट्ट. तो हट्ट शुद्ध मूर्खपणाचा होता, हे तिने पुढे मला स्वतःच सांगितलं, पण तेव्हा तिला कोण सांगणार?

रविवारी चार वाजता सगळे वरच्या मोठ्या खोलीत जमले. काका टेबलाशी. काकू दाराजवळ. बाबा मास्क लावून खिडकीत, कारण तीन महिन्यांपासून त्याची जागाच ती होती. अण्णा भिंतीला टेकून स्टुलावर. आई मला कडेवर घेऊन उभी. आत्याआजीला काकूने गॅलरीच्या तोंडाशी खुर्ची दिली.

"आत्या, इथे बसा. वारं येईल."

"वारं यावं म्हणून, की मी पटकन बाहेर पडावं म्हणून?" मास्कच्या आडून आत्याआजीने विचारलं.

"भावनेच्या आहारी न जाता निर्णय घ्यायचाय," काका म्हणाला. "आत्या, तुझ्यावर कोणाचाही राग नाही."

"राग कशाबद्दल असायला हवा होता?"

"धाकट्याला तुझ्यामुळे झालं, हे आता उघड आहे. तू मुद्दाम केलं नाहीस. पण झालं."

"दादा, सोड ना," बाबा म्हणाला. "मला कोणामुळे झालं याचा हिशेब मी मागितलाय का?"

"तू मागितला नाहीस, सिस्टरांनी मागितला. शाळेच्या मागे माळ्याची खोली रिकामी आहे. उजेड आहे, नळ आहे. सहा महिन्यांचा तर प्रश्न. डबा मी रोज स्वतः नेऊन देईन."

"माळी कुठे गेला?" आत्याआजीने विचारलं.

"वारला."

"कशाने?"

काकाने कागद सरळ केला. काकूने विषय हातात घेतला. लोक काकूला कजाग म्हणतात, पण तिची भीती खरी होती. तिच्या लहानपणी तिची मावशी याच आजाराने गेली होती, आणि त्या घरात मावशीची भांडी सगळ्यांबरोबर घासत होते म्हणून पुढे दोघी बहिणी आजारी पडल्या, असं तिला कायम सांगण्यात आलं होतं. तिघी एकाच बंद खोलीत झोपत होत्या, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून काकूचा सगळा भरवसा त्या लाल ठिपक्यांवर होता.

"मी चार दिवस वेगळं ताट, वेगळा कप, सगळं करतेय," ती म्हणाली. "पण नेलपॉलिश किती दिवस पुरणार? परवा आत्यांनी अर्धी बाटली पायालाच लावली."

"रंग छान आहे," आत्याआजी म्हणाली.

"वहिनी, मी करेन आत्यांचं," आई म्हणाली. चार दिवस ती एकटीच आत्याआजीच्या बाजूने उभी होती. "ह्यांचं केलं, तसं त्यांचंही करेन. माळ्याच्या खोलीत म्हातारं माणूस एकटं टाकायचं म्हणजे काय?"

"आणि ही?" काकाने माझ्याकडे बोट केलं. "हिला काही झालं म्हणजे?"

आईचा चेहरा उतरला. मी नेमकी त्याच क्षणी दोन्ही हात पसरून आत्याआजीकडे झेपावले. मला त्या मास्कची नाडी ओढायची होती, बाकी काही नाही. काकू ओरडली. आईने मला असं मागे खेचलं की माझा एक मोजा तिथेच राहिला. आणि त्या घाबरलेपणात, मला कुठेतरी सुरक्षित ठेवायचं म्हणून, तिने मला शेजारी बसलेल्या अण्णांच्या मांडीवर दिलं.

"तुमच्याकडेच राहू दे हिला," ती म्हणाली. "तुमचा रिपोर्ट चांगला आहे."

आत्याआजी खुर्चीत ताठ झाली. तिच्या डोळ्यांतलं हसू गेलं.

अण्णांनी हे सगळं मला मी दहावीत असताना सांगितलं. ते म्हणाले, आधी त्यांनी श्वासच धरला. बुधवारपासून ते मला घेत नव्हते. हाताला तेल आहे, गुडघा दुखतोय, डोळ्याला भिंग लावलंय, अशी रोज नवी सबब. त्याआधी मात्र दुपारी आई वर शिकवण्या घ्यायची तेव्हा मी खाली त्यांच्याजवळच असायचे. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामागे कामाची खोली. त्या खोलीची खिडकी त्यांच्या वडिलांनी खिळे ठोकून बंद केलेली, आणि पंखा तर नाहीच. मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग वाऱ्याने उडाली तर दिवसभर गुडघ्यांवर रांगत शोधावी लागते, म्हणून. सिस्टरांनी खिळे उपटायला लावले. त्यांची पाठ वळली आणि अण्णांनी तिथे पुठ्ठा लावून टाकला. त्या खोलीत ते आणि बाबा दहा वर्षं कोपराला कोपर लावून बसले होते.

अण्णांनी मान शक्य तितकी बाजूला वळवली. मी त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखत होते. काका कागदावर काहीतरी लिहीत होता. आत्याआजी अण्णांकडे बघत होती, आणि अण्णा भिंतीवरच्या भेगेकडे.

"बन्या," ती म्हणाली, "पोरगी जड झाली असेल ना?"

"नाही," अण्णा श्वास न सोडता म्हणाले.

"मग तोंड का वळवलंयस?"

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि सिस्टर आत आल्या. हेल्मेट काखेत, दुसऱ्या हातात पिशवी. कोण कुठे बसलंय हे त्यांनी एका नजरेत पाहून घेतलं.

"बरं झालं आलात," काका उठून म्हणाला. "आमचं आत्याला हलवायचं ठरतंय. सापडला ना आता तुमचा तो माणूस?"

"सापडला असं कागद म्हणतो." सिस्टरांनी पिशवी टेबलावर, काकाच्या विषय पहिल्यावर ठेवली. "मावशी, वजन किती भरलं काल?"

"बुधवारपेक्षा एक किलो जास्त."

"खोकला?"

"ठसकासुद्धा नाही."

"आणि छातीचा फोटो अगदी स्वच्छ. अशी छाती मला स्वतःलासुद्धा चालेल." सिस्टर काकूकडे वळल्या. "हे लाल ठिपके कसले?"

"वेगळी भांडी. आत्यांची."

"ताई, ताटाने टीबी होत नाही. आजारी माणूस बंद खोलीत खोकतो, ते हवेत तरंगत राहतं, ते दुसरा श्वासातून आत घेतो. नेलपॉलिश नखांनाच लावा." मग त्या अण्णांकडे वळल्या. "अण्णा, तुमचा फोटो राहिलाय. तीनदा गाडी आली, तिन्ही वेळा तुमचं काम निघालं."

"मोठ्या घड्याळाचं काम होतं," अण्णा म्हणाले. "टॉवरवरचं."

"तीनदा बंद पडलं?"

"जुनं आहे."

सिस्टरांनी मान डोलावली. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि त्यातली एक गोळी तळहातावर घेतली. त्या कामात वीस वर्षं मुरलेल्या होत्या. कागद खोटं बोलत नाही, पण कागदावरची माणसं बोलतात, हे त्यांना पाठ होतं.

"कागदावर नाव मावशींचं आहे, तर औषध मावशींनाच," त्या म्हणाल्या. "सहा महिने, रोज. सोपं नाहीये. रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात, हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा काढावा लागतो. रोग असलेल्या माणसाला ते सोसावंच लागतं, कारण नाहीतर तो मरतो. रोग नसलेल्याने घेतलं तर नुसताच त्रास. मावशी, पहिली गोळी माझ्यासमोर."

आत्याआजीने मास्क हनुवटीवर ओढला आणि हात पुढे केला.

"आत्या, थांब ना," बाबा म्हणाला. "फोटो स्वच्छ आहे म्हणतायत, तर आणखी एकदा तपासू दे."

"कशाला? कागद आहे ना." तिने गोळी चिमटीत धरून उजेडात पाहिली. मग सरळ अण्णांकडे पाहिलं. "बन्या, तुझ्यामागे तांब्या आहे. पाणी दे रे जरा."

कोणी हललं नाही. काकूला वाटलं म्हातारीला गोळीची भीती वाटतेय. आईला वाटलं ती रुसलीय. बाबाने मला सांगितलं की त्याला काहीच कळलं नव्हतं, फक्त अण्णांचे हात थरथरताना दिसले, आणि ते हात थरथरताना त्याने जन्मात पाहिले नव्हते.

"राहू दे," आत्याआजी म्हणाली. "कोरडीच घेते." आणि तिने तोंड उघडलं.

"हिला घे," अण्णा म्हणाले. ते आईला म्हणत होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी शक्य तितकं लांब धरलं होतं. "आधी हिला घे माझ्याकडून."

आईने मला घेतलं. अण्णा उभे राहिले, गॅलरीपाशी आले आणि त्यांनी बहिणीच्या हातातून गोळी काढून घेतली.

"सिस्टर, ही गोळी माझी आहे."

काकाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे तो बेडका माझा नव्हता," आत्याआजी म्हणाली. "मी ह्याच्याकडून उसना घेतला."

"काय घेतलंत?" काकूने विचारलं.

"बेडका."

काकूला बसायला लागलं. "अण्णा, आणि तुमच्या डबीत काय होतं?"

"गुळणीचं पाणी, आणि दाट दिसावं म्हणून चमचाभर खळ," अण्णा म्हणाले.

काकाने पुढे मला सांगितलं की शाळेत कॉपीची चारशे प्रकरणं त्याने हाताळली, पण हा प्रकार त्याच्या नियमावलीतच बसत नव्हता. सिस्टर मात्र पिशवीतून नवा मास्क काढून अण्णांच्या कानांना लावत होत्या, आणि त्यांना अजिबात नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"आता सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "गॅलरीत बसून."

अण्णांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता. दुसऱ्या शहरात टॉवरच्या घड्याळाच्या कामाला जायचे, तिथल्याच एका खासगी डॉक्टरकडून औषधं घेतली. घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही, आजी तेव्हा होती, तिलासुद्धा नाही. तीन महिने गोळ्या घेतल्या. खोकला गेला, वजन वाढलं. आणि मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या.

"चिमट्यात स्क्रू धरला की नाही, तेच कळेना," ते म्हणाले. "बघून धरावा लागायचा. एक दिवस गिऱ्हाईकासमोर तीनदा पडला. मला दुसरं काय येतं? म्हटलं, बरा तर झालोय. सोडून दिल्या."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीने थांबलं असतं ते," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "एका प्रश्नाचं काम होतं, अण्णा."

"आणि खोकला परत कधी सुरू झाला?" बाबाने विचारलं. तो अजून खिडकीतच होता.

"झाली तीन वर्षं. वर्षभर जास्त आहे."

"मी शेजारीच बसायचो. धुळीने येतो म्हणायचात, एखाददुसरा ठसका. वर्षभर जास्त, तर मला ऐकू कसा आला नाही?"

अण्णा खाली बघायला लागले. "उबळ आली की टोल्यांचं घड्याळ लावायचो. तपासायला म्हणून."

बाबा हसला. हसायला नको होतं, पण त्याला आवरेना. वर्षभर दुकानात पावणेतीनला बाराचे टोले पडायचे, आणि तो आईला म्हणायचा की अण्णांना वयोमानाने वेळ कळेनाशी झालीय. हसता हसता तो थांबला, आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. आई मला घेऊन त्याच्याजवळ गेली नाही. ती अण्णांकडे बघत होती, आणि तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की तो जायला दोन वर्षं लागली, असं ती सांगते.

"चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस आम्ही आत्यांना अस्पृश्यासारखं वागवलं, आणि तुम्ही बघत बसलात. निदान त्यांना तरी का असं अडकवलंत?"

"ती मागायला आली तेव्हा नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं," अण्णा म्हणाले. मग मास्क सारखा करून म्हणाले, "आणि मला बघायचं होतं. स्वतःच्या नावावर बघायची हिंमत नव्हती. तिच्या नावावर बघितलं."

काकू उठली. तिने आत्याआजीच्या खुर्चीजवळचा लाल ठिपक्याचा कप उचलला, त्यात अर्धा कप गार चहा उरला होता, तो सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला आणि कप आपल्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला. काकू तोंडाने माफी मागत नाही. त्या दिवसाएवढी मोठी माफी तिने त्याआधी आणि त्यानंतर कोणाचीही मागितली नाही.

"मी माळ्याची खोली आता अण्णांसाठी..." काकाने सुरुवात केली.

"गप्प बस," काकू म्हणाली. काकाने कागदाची घडी घातली.

"कोणाला कुठे हलवायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "वेगळी हवेशीर खोली, मास्क, आणि औषध. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत धोका पुष्कळ कमी होतो. पुन्हा तपासू, मग बोलू. बाळाचीही परत तपासणी होईल. आणि तो पुठ्ठा मी जाताना सोबत नेणार आहे." त्या अण्णांकडे वळल्या. "आता बोटांचं. नव्या औषधातही मुंग्या येऊ शकतात. मी खोटं सांगणार नाही. पण ज्या दिवशी आल्या त्याच दिवशी मला सांगायचं. डॉक्टर त्या एका गोळीचं प्रमाण कमी करतात, कधी थोडे दिवस थांबवतात. लपवलंत तर कायमच्या राहतात. पुरुषमंडळी लपवतात, म्हणून मुद्दाम सांगते."

"कायमच्या?" बाबाने विचारलं.

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की सगळे वळले.

"का हो?" सिस्टरांनी विचारलं.

बाबाने मास्क वर सारला, खाली ओढला. "काही नाही. पायांना येतात थोड्या. म्हणजे, पायांपासून सुरू झाल्या. आता बोटांनाही आहेत."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"परवाच मी विचारलं होतं तुम्हाला. दारात उभं राहून विचारलं. तुम्ही काय म्हणालात?"

"काही त्रास नाही म्हणालो." तो आईकडे बघत नव्हता. "आणि ती एक गोळी मी चार दिवस घेतली नाहीये. तोंडात ठेवतो आणि मग बेसिनमध्ये टाकतो. मला वाटलं, बाकीच्या तर घेतोय."

सिस्टर खाली बसल्या. खाण तशी माती म्हणतात, पण ती डोळ्यांदेखत बघायची वेळ कोणावर येऊ नये.

अण्णा गॅलरीतून उठले. बाबापासून चार हातांवर येऊन थांबले, पुढे आले नाहीत.

"मूर्खा," ते म्हणाले. त्यांनी बाबाला कधी मूर्ख म्हटलं नव्हतं, तो उलट बोलला तेव्हासुद्धा नाही. "माझ्याकडे बघ. मी हेच केलं. अगदी हेच. आणि ते तुझ्या छातीत गेलं. आता तू हिच्या छातीत घालणार आहेस का?"

बाबा रडला. मला हे त्याने स्वतः कधी सांगितलं नाही, काकूने सांगितलं, आणि यात खडा नाही. त्याने सिस्टरांना सगळं सांगितलं, कोणत्या बोटात, किती, कधी. त्यांनी एकेक लिहून घेतलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळी दोघांनाही दवाखान्यात आणा, असं पलीकडून आलं.

"आणि ही?" काकूने अण्णांच्या मुठीकडे बोट केलं. गोळी अजून तिथेच होती. "ही घ्यायची का त्यांनी?"

"हवी तर घेऊ द्या. ती जीवनसत्त्वाची आहे," सिस्टर म्हणाल्या. "तपासण्या केल्याशिवाय खरी गोळी मी कोणाच्या तोंडाजवळ तरी नेईन का?"

मग त्यांनी पिशवीतून एक नवी डबी काढली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि अण्णांना मागच्या अंगणात चलायला सांगितलं. बेडका उघड्यावर, मोकळ्या हवेतच घ्यायचा असतो. बाकीच्यांना त्यांनी वरच थांबवलं. आत्याआजी कोणाचं ऐकणार? ती मास्क लावून मागोमाग उतरली आणि भावाच्या पाठीमागे, वारं ज्या बाजूने येत होतं तिथे, उभी राहिली. आम्ही सगळे वरून बघत होतो. मी आईच्या खांद्यावरून.

अण्णांनी डबी धरली. घसा खाकरला. काहीच येईना. वर्षभर जो दाबून दाबून ठेवला तो खोकला, मागितला तेव्हा येईना.

"ताई," ते मागे न वळता म्हणाले, "तू खरंच गिळली असतीस?"

"जिभेखाली धरली असती. शाळेत जंताची गोळी चुकवायला तुला कोणी शिकवलं, विसरलास?"

अण्णा हसले. हसू छातीत अडकलं आणि खोकल्यात फुटलं. ते वाकले, गुडघ्यावर हात टेकून खोकत राहिले, आणि तो आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या घराची खिडकी उघडली. आत्याआजी पाठीमागे उभी राहून रडत होती. "एवढा होता रे आत?" ती म्हणत होती. "एवढा सगळा एकट्याने ठेवलास?"

"आता डबीत," सिस्टर म्हणाल्या.

अण्णांनी डबी भरली आणि झाकण लावलं. बाहेरून सिस्टरांनी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. ते त्यांनी डोळ्यांजवळ धरून, घड्याळाचा नंबर वाचावा तसं, एकेक अक्षर करत वाचलं.

"माझंच आहे," ते म्हणाले, आणि डबी सिस्टरांच्या हातात दिली.